पांढऱ्या कुड्याच्या पानांसाठी एकोडीला

भंडारा जिल्ह्यात मी दुसऱ्यांदा गेले ती स्वतःचीच चूक शोधायला. चूक नेमकी कुठे आहे ते मात्र निघताना माहीत नव्हतं.

मी कराडकडे औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता कुड्याच्या पानांचा अर्क. पोट बिघडल्यावर कुडा देतात हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, पण साल आणि बी यांच्यावरच सगळ्यांचं लक्ष. पानांकडे फारसं कोणी बघत नाही. साकोली तालुक्यातल्या एकोडी गावात सगुणाबाई नावाच्या एक बाई पानांचाच काढा देतात, असं एका ओळखीच्या शिक्षिकेकडून कळलं. मागच्या वर्षी आषाढात मी एका दिवसासाठी तिथे जाऊन पोतंभर पानं घेऊन आले होते.

त्या पानांनी मला वेड लावलं. अँटिऑक्सिडंट गुण तपासायला आम्ही एक जांभळं द्रावण वापरतो. अर्कात दम असेल तर तो जांभळा रंग उडतो आणि द्रावण पिवळं पडतं. माझ्या नळ्या बघता बघता पिवळ्या झाल्या. जुलाब करणाऱ्या जंतूंवरही अर्क चालला, जरा बेताचाच. मी निबंध लिहिला आणि तो एका परिषदेसाठी स्वीकारलाही गेला. मग पानं संपली म्हणून शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून कुड्याची पानं आणली, आणि सगळं उलटं झालं. जांभळा रंग पुरता हटेना. जंतू मात्र पहिल्यापेक्षा जास्त मेले. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

माझे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "दोन्हीपैकी एक पान कुड्याचं नाही. कुठलं, ते तुम्ही शोधा. परिषदेला सहा आठवडे आहेत."

दिवाळीची सुट्टी होती. मी बॅग भरली.

लाखनी

नागपूरहून साकोलीची बस धरली. हमरस्त्यावरून मालट्रकांची रांग संपतच नव्हती. लाखनीला बस थांबली तेव्हा भूक लागली होती, म्हणून खाली उतरले. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. इथे पोह्यांवर लालभडक तर्री ओतून दिली. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार म्हणाला, "तिखट झालं का जी? मुरमुरे टाकू का वरून?" मी नको म्हणाले आणि हट्टाने बशी संपवली.

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंशी बोलणं निघालं. मी म्हटलं, "भात छान आलाय तुमच्याकडे." त्या गोंधळल्या. त्यांच्या लेखी भात फक्त ताटात असतो. शेतात असतं ते धान. दोन्ही बाजूंना ते पिवळं धान कापणीला आलेलं होतं, मधूनमधून कापलेल्या पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. मागच्या वेळी मी हीच जमीन चिखलात, रोवणीच्या दिवसांत पाहिली होती. रोवणी म्हणजे आपली लावणी. त्या वेळी सगुणाबाईंनी मला एक झाड दाखवलं होतं आणि रोवणीच्या कामावर निघून गेल्या होत्या. उरलेली पानं मी आणि जीपच्या ड्रायव्हरने भर पावसात आसपासच्या झाडांवरून खुडली होती. हे आठवताच मला बसमध्येच अस्वस्थ वाटायला लागलं.

एकोडी

सगुणाबाईंचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली आहे. त्या साठीच्या, बारीक अंगाच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांचे यजमान आत्माराम भाऊ तलावात मासे धरतात आणि या दिवसांत शिंगाडे काढतात. मी पोचले तेव्हा ते दारात जाळं उकलत बसले होते.

"आल्या का म्याडम?" सगुणाबाई म्हणाल्या. "या जी. इकडं जवर बसा. आज आता ऊन झालं, उद्या सकारी जाऊ झाडाकडं."

जेवायला भात आणि तलावातल्या माशांचा रस्सा. मी सवयीने भाकरी आहे का म्हणून विचारलं, तर दोघंही हसले.

"भाकर?" आत्माराम भाऊ म्हणाले. "ज्वारी पेरते कोन इथं? आमी सकारपासून भातच खातो."

"मग पोट भरतं?"

"तुमचं भाकरीनं कसं भरते?"

रस्सा इतका चांगला होता की भाकरीची आठवणही दुसऱ्या वाढीपर्यंत पुसली गेली.

सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन पानं तोडण्याची लेखी परवानगी घेतली. मागच्या वेळी हेही मी घाईत, तोंडीच उरकलं होतं. मग आम्ही दोघी तलावामागच्या उतारावर गेलो. कुडा तिथे पुरुषभर उंचीचा, झुडपासारखा माजला होता. सगुणाबाईंनी एका झाडाला हात लावला.

"हा घ्या. मोठं पान पाहजा." मग दोन पावलांवरच्या दुसऱ्या झाडाकडे हात झटकला. "तो नोको. तो कारा."

मी थबकले. तो शब्द माझ्या मागच्या वर्षीच्या वहीत होता. रोवणीला निघताना त्या म्हणाल्या होत्या, "कारा घेऊ नोका." मला कळलं नव्हतं. विचारायची लाज वाटली, की घाई होती, आता सांगता येत नाही. मी आपल्या मनाने वहीत लिहिलं होतं: कारा म्हणजे किडकं पान असावं. आणि त्या दिवशी आम्ही किडकी पानं निवडून फेकून दिली होती.

पण कालपासून मी ऐकत होते. जवर बसा. सकारी जाऊ. जवळ, सकाळी. सगुणाबाईंच्या तोंडी ळ नाहीच. त्याच्या जागी र येतो.

"सगुणाबाई, कारा म्हणजे काळा का?"

त्यांनी माझ्याकडे, एवढी शिकलेली बाई असं काय विचारते, अशा नजरेनं पाहिलं. "कारा म्हंजे कारा. डोक्याचे केस कारे, तव्याचं बूड कारं. हा कारा कुडा. हा पांढरा. मागच्या टायमाले सांगतलं होतं ना मी तुमाले."

मी तिथेच एका दगडावर बसले. काळा कुडा आणि पांढरा कुडा ही दोन वेगळी झाडं आहेत हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. दोघांनाही चीक, दोघांनाही समोरासमोर पानं, आणि आषाढात ना फुलं उरलेली ना शेंगा भरलेल्या. वनस्पतितज्ज्ञांकडून ओळखीचा दाखला मी घेतला होता, पण त्यांना पाठवलेली फांदी सगुणाबाईंनी दाखवलेल्या झाडाची होती. पोत्यातली पानं कुणीच तपासली नव्हती.

"मंग तुमी कोनता नेला?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. मिसळून."

"आनं तो काढा कोनाले पाजला?"

"कोणालाच नाही. फक्त काचेच्या नळीत घातला."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. "नळीचं पोट काई दुखत नाई."

मला हसूही आलं आणि रडूही.

पाळीवर जाऊन सरांना फोन लावला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे खरं असू शकतं. पण एका बाईंच्या सांगण्यावर तुम्ही वर्षभराचं काम रद्द करणार, की पुरावा आणणार?"

"पुरावा आणते," मी म्हटलं. रागात म्हणाले असेन, पण तो राग स्वतःवरचा होता.

चाळीस पानं

सगुणाबाई एक गोष्ट सहज बोलून गेल्या होत्या. पांढऱ्या कुड्याचं पान वाळलं तरी हिरवट-पिवळं राहतं, काऱ्याचं वाळताना काळंनिळं पडतं, म्हणूनच तो कारा. मागच्या वर्षी माझी बरीच पानं वाळताना काळी पडली होती. दमट हवेमुळे असेल, असं समजून मी ती तशीच दळली होती.

मी ठरवलं तपासायचं. एकटी उतारावर गेले आणि तिथल्या निरनिराळ्या झुडपांवरून दिसायला सारखीच, मोठी-लहान अशी चाळीस पानं तोडली. शेंगा बघितल्या नाहीत, झाडाकडेही नीट पाहिलं नाही. प्रत्येक देठाला दोरा बांधून आकडा लावला. घरी येऊन ती सगळी सगुणाबाईंच्या पुढे ठेवली.

"एकेक बघून सांगा, कुठलं कुठल्या झाडाचं. मी लिहून घेते. मग तीन दिवस सावलीत वाळवू."

त्यांचा चेहरा बदलला. "माझी परीक्षा घेऊन राहिल्या का तुमी?"

मला वाईट वाटलं. चाळीस वर्षं लोक ज्यांच्या हातचा काढा विश्वासाने पितात त्यांना मी दोऱ्यानं बांधलेली पानं ओळखायला सांगत होते. पण मागे हटले नाही. "परीक्षा माझी आहे," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर असाल तर मी चुकले, हे मला मोठमोठ्या लोकांपुढे सांगायचंय. ते नुसतं तुमचं नाव सांगून ऐकणार नाहीत."

आत्माराम भाऊ दारातूनच म्हणाले, "दे ना म्याडमले परीक्षा. शाळेत त कधी देल्ली नाई तुनं."

"तुमी चूप बसा," सगुणाबाई म्हणाल्या, पण पहिलं पान हातात घेतलं.

त्या पान नुसतं बघत नव्हत्या. अंगठा खालून फिरवायच्या, शिरा चाचपायच्या. पांढरा. पांढरा. कारा. मी आकड्यापुढे लिहीत गेले. दोन ठिकाणी मला वाटलं त्या चुकल्या, पण तोंड उघडलं नाही. सत्ताविसाव्या पानाशी त्या अडखळल्या. उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"हे सांगता येत नाई. कोवरं आहे."

"अंदाजाने सांगा."

"अंदाजानं कायले सांगू? पोटात जाते ते." आणि त्यांनी ते पान बाजूला ठेवून दिलं.

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आमच्या प्रयोगशाळेत ते मला कुणी इतक्या साध्या शब्दांत कधी शिकवलं नव्हतं.

शिंगाडे

पानं सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या छपराखाली, कागदावर पसरली. तीन दिवस थांबणं आलं. दुसऱ्या दिवशी आत्माराम भाऊंनी मला डोंग्यातून तलावात नेलं. डोंगा म्हणजे लाकडाची अरुंद होडी. मी पाय टाकताच तो असा कलंडला की एक चप्पल तलावाला अर्पण झाली. मधोमध शिंगाड्याच्या वेलीचा हिरवा गालिचा पसरलेला. भाऊ वेल उचलून उलटी करायचे आणि खालचे शिंगाडे चटाचट तोडायचे. काटे बोचू न देता. मी दोनच तोडले आणि बोट रक्ताळलं.

कच्चे शिंगाडे गोड, रसाळ, कुरकुरीत. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ, पुडीतलं. हे असं ताजं फळ मी जन्मात खाल्लं नव्हतं, त्यामुळे खात सुटले. भाऊंनी दोनदा सांगितलं, "बस करा म्याडम." नाही केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोटाने जाब विचारला. पोटाच्या औषधावर पीएचडी करणारी बाई, लोटा घेऊन पाच वेळा मागच्या दारी. सगुणाबाईंनी चूल पेटवली, पांढऱ्या कुड्याची पानं हातात घेतली.

"नको," मी म्हटलं. "माझ्याकडे मीठ-साखरेची पाकिटं आहेत."

त्यांचा हात थांबला. "तुमी घेत नाई, मंग दुसऱ्याले काहून सांगान?"

हे लागलं. कारण प्रश्न खरा होता. "सगुणाबाई, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण माझ्या हातून एकदा पान चुकलंय. या अर्कात काय आहे, किती घ्यावं, कोणाला देऊ नये, हे नीट कळेपर्यंत मी तो कोणाला सांगणार नाही. स्वतःलाही नाही."

त्यांनी विचार केला. मग पानं खाली ठेवली आणि त्याच चुलीवर तांदळाची पातळ पेज टाकली. "मंग हे त प्या. याले काई तपासा लागत नाई." पेजेत मीठ घालून त्यांनी दोन वाट्या मला पाजल्या. पाकिटाचं पाणी आणि पेज, दोन्हीवर संध्याकाळपर्यंत मी उभी राहिले.

निकाल

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सपरीत बसलो. मी वही उघडली. भाऊ एकेक पान उचलून आकडा वाचायचे आणि रंग सांगायचे. हिरवट. हिरवट. कारं. ज्या दोन ठिकाणी त्या चुकल्या असं मला वाटलं होतं, तिथे चुकले होते मी. एकोणचाळीस पानांत एकाही ठिकाणी सगुणाबाईंचा शब्द आणि पानाचा रंग वेगळा निघाला नाही. बाजूला ठेवलेलं सत्ताविसावं पान अर्धवट काळसर झालं होतं. तेही मी 'सांगता येत नाही' असंच नोंदवलं.

सगुणाबाई उठल्या. पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन चहा टाकला. भाऊच म्हणाले, "पास झाली का जी?"

"त्या पास झाल्या," मी म्हटलं. "नापास मी."

सरांना छायाचित्रं पाठवली. ते म्हणाले, "आता परिषदेला जाऊन सुधारणा म्हणून सांगता येईल. किंवा निबंध मागे घ्यावा लागेल. निर्णय तुमचा." त्यांच्या आवाजात मी दुसरं निवडावं अशी इच्छा होती, पण त्यात जाणार होतं ते माझं नाव. इतक्या वयात पहिला निबंध. घरी मुलीने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मी सपरीत बसून आयोजकांना पत्र लिहिलं: माझा नमुना मिश्र होता, माझे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत, निबंध मागे घेत आहे. दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं. त्यानंतर पोटात जे हलकं वाटलं ते पेजेनेही वाटलं नव्हतं.

उरलेले दोन दिवस आम्ही काम केलं. या वेळी प्रत्येक झाडावर खूण, प्रत्येक झाडाची शेंगेसकट फांदी, प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी. शेंगांनी तर संशयच ठेवला नाही. पांढऱ्याच्या दोन लांब शेंगा सुट्या लोंबतात, काऱ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. आषाढानंतर महिन्याभराने जरी मी त्या झाडांकडे परत आले असते तरी कळलं असतं.

निघताना मी विचारलं, "माझ्या प्रबंधात तुमचं नाव लिहू का? हे ज्ञान तुमचं आहे."

"माझं एकटीचं नोको. सासूनं शिकवलं. तुरसाबाई नाव होतं तिचं. तिचं आधी लिहा."

मी वहीत लिहिलं: तुळसाबाई. ळ नीट काढून.

परत कराडला

पुढचे चार महिने मी सगळं पहिल्यापासून केलं. प्रत्येक झाडाचा अर्क वेगळा. जांभळ्या नळ्यांमध्ये भराभर पिवळ्या झाल्या त्या काऱ्या कुड्याच्या. माझा सगळा डामडौल त्याच्यामुळे होता. पांढऱ्याच्या नळ्या, दुकानातल्या पानांच्या होत्या तशाच, हळूहळू फिकट झाल्या, अर्ध्यावर थांबल्या. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. पण जंतू वाढवलेल्या काचेच्या बश्यांत पांढरा प्रत्येक वेळी चालला. सगळ्या झाडांचा, सगळ्या फेऱ्यांमध्ये, जवळजवळ सारखा. डोळे दिपवणारं काही नाही, पण हललं नाही. सरांनी आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "यावर उभं राहता येईल." अजून काम पुष्कळ बाकी आहे. नळीत जंतू मेले म्हणजे माणसाचं पोट बरं झालं असं नव्हे, हे मी आता विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

निकाल आले त्या दुपारी मी एकोडीला फोन लावला. सगुणाबाई तलावावरून नुकत्याच आल्या होत्या. मी त्यांना जांभळ्या रंगाचं सांगितलं, अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते समजावण्याचा प्रयत्न केला, आणि हे सांगताना जरा खजील झाले की पांढऱ्या कुड्यात तो गुण फारसा निघाला नाही.



"मी कुडा कधी रंगासाठी देल्ला का?" त्या म्हणाल्या. "पोटाचं सांगा."

"पोटाच्या जंतूंवर चालतो. दर वेळी चालला."

"एवढंच?"

"एवढंच नक्की सांगता येतं, सगुणाबाई."

"मंग एवढंच लिहा," त्या म्हणाल्या.

मी तेवढंच लिहिलं आहे.